संकल्पातले तिसरे नाव

भाद्रपद वद्य प्रतिपदा उजाडली की आपल्या घराघरांतील दिनक्रम बदलतो. गणरायाचे विसर्जन होऊन चौरंग रिकामा झालेला असतो, धानाच्या बांध्यांत पीक निसवू लागलेले असते, आणि गृहिणी पळसाच्या पत्रावळी, तीळ, दर्भ व खिरीचे तांदूळ यांच्या सिद्धतेत गुंतलेली असते. पितृपक्षाचे हे पंधरा दिवस उत्सवाचे नव्हेत, तरी त्यांचे पावित्र्य कोणत्याही उत्सवाहून उणे नाही. ज्यांच्यामुळे आपण या जगात आलो त्यांना वर्षातून एकदा नावाने हाक मारण्याचा हा काळ आहे.

परंतु हाक मारावयाची तर नाव ठाऊक असले पाहिजे. श्राद्धाच्या संकल्पात पिता, पितामह आणि प्रपितामह या तीन पिढ्यांचा नामगोत्रपूर्वक उच्चार होतो. शास्त्राने त्यांना अनुक्रमे वसु, रुद्र आणि आदित्य यांचे रूप मानले आहे. पहिले नाव सर्वांनाच ठाऊक असते. दुसरे बहुतेकांस आठवते. तिसऱ्या नावाशी मात्र अनेक यजमान अडखळतात, असा आमचा अनुभव आहे. गेल्या पितृपक्षात अशाच एका प्रसंगाचे आम्ही साक्षी झालो, आणि तोच प्रसंग आजच्या लेखास निमित्त झाला आहे.

दोन भाऊ आणि दोन नावे

गोंदिया जिल्ह्यातील आमगाव तालुक्यात आमच्या परिचयाचे एक घर आहे. साठीच्या आसपासचे दोघे भाऊ, घरची धानशेती, थोरल्याकडे देवघर. श्राद्धाच्या दिवशी अपसव्य करून थोरले बंधू पाटावर बसले. गुरुजींनी विचारले, ‘पणजोबांचे नाव?’ थोरल्यांनी एक नाव सांगितले. मागे बसलेले धाकटे बंधू लगेच म्हणाले, ‘दादा, ते नाव चुकीचे आहे. आपल्या जमिनीच्या कागदावर दुसरेच नाव आहे. मुलीच्या दाखल्यासाठी नक्कल काढली तेव्हा मी माझ्या डोळ्यांनी वाचले.’

थोरल्यांचा आवाज चढला. ‘बाबांनी मला मांडीवर बसवून हे नाव शिकवले. कागदाला काय कळते?’

‘आणि आजवर आपण भलत्याच माणसाला पिंड देत आलो असू, तर?’

या प्रश्नाने सारे घर स्तब्ध झाले. गुरुजी जाणते होते. त्यांनी वाद थांबवला, त्या दिवसापुरते नावाच्या जागी शास्त्राने दिलेले पर्यायी पद उच्चारले आणि कर्म सिद्धीस नेले. दोघे भाऊ एकाच पंगतीत जेवले, परंतु एकमेकांशी बोलले नाहीत. निघताना थोरल्यांनी आम्हांस बाजूला घेऊन म्हटले, ‘खरे नाव कोणते, ते शोधून द्या.’ वर्षभर आम्ही त्या कुटुंबाबरोबर कागद पाहत होतो. त्या शोधात जे शिकलो ते वाचकांपुढे ठेवावे, असे वाटते.

आप्त कोणास म्हणावे?

जुना कागद हाती आला की आपण दोन टोके गाठतो. एक तर तो सरकारी शिक्क्याचा आहे म्हणून त्यातील अक्षर न् अक्षर खरे मानतो. नाही तर घरच्या आठवणीशी जुळत नाही म्हणून तो सारा खोटा ठरवतो. आपल्या न्यायशास्त्राने याहून शहाणा मार्ग फार पूर्वी सांगितला आहे. शब्द हे प्रमाण आहे, पण तो आप्ताचा शब्द असला पाहिजे. आणि आप्त कोण? ज्याने गोष्ट जशी आहे तशी जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो. ज्ञान आणि प्रामाणिकपणा या दोन्ही कसोट्यांस जो उतरेल त्याचाच शब्द प्रमाण.

हीच कसोटी कागदास लावता येते. कोणतीही नोंद समोर आली की तिला चार प्रश्न विचारावेत. ही कोणी लिहिली? कोणाच्या तोंडून ऐकून लिहिली? घटनेनंतर किती काळाने लिहिली? आणि कोणत्या कामासाठी लिहिली? या चारांची उत्तरे मिळाली की त्या नोंदीचे वजन आपोआप कळू लागते.

इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला तेव्हा त्यांनी नंतर रचलेल्या बखरींपेक्षा त्या त्या काळी लिहिलेल्या अस्सल पत्रांवर भर दिला. राष्ट्राच्या इतिहासाला जो न्याय, तोच घराच्या इतिहासालाही. घटनेच्या जवळचा कागद आणि घटनेनंतर दोन पिढ्यांनी लिहिलेली वंशावळ यांना एकाच तागडीत तोलता येत नाही.

कोतवालाची वही

आपल्या भागातील जुन्या नोंदींपैकी सर्वांत जिव्हाळ्याची नोंद म्हणजे कोतवाल बुक. २०२३ साली मराठवाड्यातील कुणबी नोंदींच्या शोधासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तेव्हा हा शब्द राज्यभर घरोघरी पोहोचला. आपल्या भागातील वडीलधाऱ्यांस मात्र तो पूर्वीपासून परिचित आहे. मध्यप्रांताच्या काळात गावचा कोतवाल गावातील जन्म आणि मृत्यू यांची वर्दी ठाण्यावर देत असे. पुष्कळ कोतवालांना लिहिता येत नसे. तेव्हा ती वही दुसऱ्या एखाद्या लिहित्या हाताने भरली जाई आणि ठाण्यावर तिची नोंद होई.

या वहीचे बळ तिच्या जवळिकीत आहे. घटना घडून थोडेच दिवस झालेले असतात आणि सांगणारा त्याच गावचा असतो. पण तिच्या मर्यादाही ध्यानात घ्याव्यात. जन्माच्या वेळी बाळाचे बारसे झालेले नसते. म्हणून ‘अमक्यास मुलगा झाला’ एवढेच लिहिलेले पुष्कळदा आढळते. तो मुलगा म्हणजे आपले आजोबा की लहानपणीच गेलेला त्यांचा भाऊ, हे त्या ओळीवरून ठरत नाही. लिहिलेली तारीख घटनेची आहे की वर्दी दिल्याची, हेही पाहावे लागते. मृत्यूचे कारण म्हणून ‘ताप’ हा एकच शब्द असंख्य वेळा येतो. कोतवाल वैद्य नव्हता, हे विसरून चालणार नाही. आणि १९१८ साली इन्फ्लुएंझाची साथ मध्यप्रांतावर कोसळली तेव्हा गावेच्या गावे अंथरुणास खिळली. अशा काळात एखादी नोंद राहून गेली असल्यास नवल नाही. नोंद नाही म्हणजे घटना घडली नाही, असे म्हणता येत नाही.

जन्म-मृत्यूच्या नोंदणीचा देशव्यापी कायदा १९६९ चा आहे. आजच्या छापील दाखल्याची सवय झालेल्या डोळ्यांनी त्या जुन्या वहीकडे पाहू नये. तिच्याकडून तिच्या काळापुरतेच मागावे.

शाळेचे रजिस्टर आणि जमिनीचा कागद

दुसरे साधन म्हणजे शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर. यात एकाच ओळीत बळकट आणि दुबळी माहिती शेजारी शेजारी बसलेली असते. मुलगा शाळेत कोणत्या दिवशी आला हे गुरुजींनी स्वतः पाहिले. ती तारीख भरवशाची. बापाचे नाव घरच्या माणसाने सांगितले. तेही बहुधा भरवशाचे. पण जन्मतारीख? मुलाची उंची पाहून, वय अदमासाने धरून गुरुजींनी ती लिहून टाकलेली असे. आपल्या वडील पिढीतील कितीतरी जणांचा जन्म कागदोपत्री एक जूनचा किंवा एक जुलैचा निघतो, तो याचमुळे. म्हणून एखादा कागद सर्वस्वी खरा किंवा सर्वस्वी खोटा, असा निवाडा देऊ नये. त्यातील प्रत्येक रकान्याचा निवाडा वेगळा करावा.

तिसरे साधन जमिनीचे. मालगुजारी १९५१ साली संपली आणि त्यानंतर तयार झालेला १९५४-५५ चा अधिकार अभिलेख विदर्भातील घरांच्या पेटीत आजही सापडतो. त्यापूर्वीच्या बंदोबस्ताच्या मिसली आहेत. या कागदांत ‘वल्द’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘जौजे’ म्हणजे अमक्याची पत्नी, ‘बेवा’ म्हणजे विधवा, ‘साकिन’ म्हणजे राहणार, असे शब्द येतात. ते कळले नाहीत तर नात्यांची उलटापालट होते. जमीन कोणाच्या नावे आणि ती कोणत्या नात्याने आली, हे सांगण्यात हा कागद पक्का असतो, कारण त्यावर सारा आणि हक्क अवलंबून असे. पण जमिनीशी ज्याचा संबंध नाही ते तो सांगत नाही. बहिणी, लहानपणी गेलेली भावंडे, वेगळे राहणारे काका त्यात दिसतीलच असे नाही.

आपल्या मातांची नावे शोधणे तर याहूनही कठीण. संकल्पात माता, पितामही आणि प्रपितामही यांचाही उच्चार होतो, अविधवा नवमी तर खास त्यांची. परंतु जुन्या कागदांत त्या बहुधा कोणाची तरी जौजे किंवा बेवा म्हणूनच भेटतात. माहेरचे नाव वेगळे, सासरचे वेगळे. हाक मारण्याचे आणखी तिसरेच. स्त्रीच्या मालमत्ता-हक्काचे कायदे १९३७ आणि १९५६ साली झाले आणि त्यानंतर वारसाच्या नोंदींत आजी-पणजींची नावे अधिक आढळू लागतात. घरातील वृद्ध स्त्रियांना विचारून ही नावे आजच लिहून ठेवावीत, अशी आमची कळकळीची विनंती आहे.

बही, भाट आणि आठवण

धर्मपरायण घरांस सर्वांत जवळचे साधन तीर्थपुरोहितांच्या बह्यांचे. प्रयाग, गया, काशी, हरिद्वार, नाशिक, त्र्यंबकेश्वर येथे आपल्या गावाचे आणि कुळाचे नाव सांगितले की पुरोहित बही काढतात आणि आपल्याच आजोबांची सही आपल्यापुढे धरतात. त्या क्षणी डोळे भरून येतात. या बह्यांचे मोल परदेशी अभ्यासकांनीही ओळखले. अमेरिकेतील यूटा येथील वंशावळी-संस्थेने हरिद्वारच्या बह्यांचे सूक्ष्मचित्रण करून ठेवले आहे. पण येथेही भेद करावा. यात्रेकरूने स्वतःच्या हाताने लिहिलेली ओळ एक, आणि जुनी बही जीर्ण झाल्यावर नव्या बहीत उतरवून घेतलेली ओळ दुसरी. उतरवताना एखादी पिढी गळू शकते, दोन सख्ख्या भावांचे बाप-लेक होऊ शकतात. शिवाय यात्रेकरू स्वतःच्या बापाबद्दल जे सांगतो ते प्रत्यक्ष जाणून सांगतो. सातव्या पूर्वजाबद्दल जे सांगतो ते ऐकीव असते. बही तीच, हात तोच, तरी वजन वेगळे.

काही समाजांत भाट येऊन पोथीतील कुळांची नामावळी वाचतात. गोंड बांधवांची परंपरा परधान गायकांनी मुखोद्गत जपली आहे, आणि सालेकसा तालुक्यातील कचारगड येथे माघ पौर्णिमेस हजारो भाविक त्याच परंपरेच्या ओढीने जमतात. या साधनांचा अनादर कधीही करू नये. कुळ कोठून आले, कोणत्या कुळांशी नाते जडले, कोणत्या देवाला मानले, ही स्मृती कागदाने क्वचितच जपली आहे. मात्र वर्षे आणि पिढ्यांची संख्या यांसाठी मौखिक परंपरेला दुसऱ्या साक्षीदाराची जोड हवी.

साक्षीदारांविषयी एक धोक्याची सूचना. तीन कागदांत एकच नाव आले म्हणजे तीन साक्षीदार झाले, असे नेहमी होत नाही. दुसरा कागद पहिल्यावरून आणि तिसरा दुसऱ्यावरून उतरवलेला असेल तर साक्षीदार एकच. वेगवेगळ्या मुखांतून, वेगवेगळ्या कामांसाठी झालेल्या नोंदी एकमेकींशी जुळल्या तरच तो खरा दुजोरा.

कायद्यानेही हीच दृष्टी ठेवली आहे. १८७२ च्या पुरावा कायद्यात मृत व्यक्तीने नात्याविषयी केलेल्या विधानास महत्त्व दिले होते, पण ते विधान वाद उद्भवण्यापूर्वीचे असावे अशी अट होती. १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला, तरी हे तत्त्व टिकून आहे. भांडण सुरू झाल्यावर माणसाला आठवते ते त्याच्या सोयीचे असू शकते. भांडणाचे नावही नसताना जे सहज सांगितले, ते अधिक विश्वासार्ह.

गाव तेच, जिल्हा वेगळा

गोंदिया जिल्ह्यातील कुटुंबांनी आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. हा जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यामुळे त्यापूर्वीच्या कागदावर ‘जिल्हा भंडारा’ असणारच. विसाव्या शतकाच्या आरंभी त्या जिल्ह्यात भंडारा, तिरोडा आणि साकोली अशा तीनच तहसिली होत्या. १८६७ साली बालाघाट जिल्हा बनला तेव्हा भंडाऱ्याचा काही भाग तिकडे गेला. १९५६ पर्यंत आपण नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात होतो, त्यानंतर द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० पासून महाराष्ट्रात. पूर्वज एका घरातून हललेही नसतील, तरी कागदावर त्यांचा पत्ता बदलत राहिला. पत्ता वेगळा दिसला म्हणून माणूस वेगळा समजू नये, आणि गावाचे नाव सारखे दिसले म्हणून माणूस तोच, असेही समजू नये.

दुसरी गोष्ट तिथीची. आपल्या सरहद्दीच्या मुलखात मराठी आणि हिंदी भाषिक घरे शेजारी नांदतात. मराठी पंचांगात महिना अमावास्येस संपतो, हिंदी पंचांगात पौर्णिमेस. म्हणून ज्या पंधरवड्यास आपण भाद्रपद वद्य म्हणतो, त्यालाच हिंदी भाषिक घर आश्विन कृष्ण पक्ष म्हणते. हिंदीत लिहिलेल्या चोपडीत आजोबांची मृत्युतिथी ‘आश्विन कृष्ण पंचमी’ अशी असेल आणि आपण ती मराठी पंचांगात पाहू लागलो, तर श्राद्ध महिनाभर चुकेल. वर्षाचेही तसेच. शके १८४० आणि चैत्रात सुरू होणारा संवत १९७५ ही दोन्ही वर्षे १९१८ च्या वसंतात सुरू झाली. पण गुजराती व्यापाऱ्याच्या वहीत संवत कार्तिकात बदलतो. त्या वहीतील संवत १९७५ चा श्रावण १९१९ सालचा. लिहिणाऱ्याचे पंचांग कोणते, हे ठरवल्याखेरीज तिथी ठरवू नये.

भवभूतीचा दाखला

आमगावजवळच पदमपूर आहे. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी महाकवी भवभूतीचे पद्मपूर ते हेच, असे प्रतिपादन केले आणि आमगावच्या महाविद्यालयासही भवभूतीचेच नाव आहे. या कवीने आपल्या नाटकांच्या प्रस्तावनेत स्वतःचे कुळ सांगितले आहे. काश्यप गोत्र, तैत्तिरीय शाखा, आजोबा भट्टगोपाल, वडील नीलकंठ, आई जातूकर्णी. वाजपेय यज्ञ करणाऱ्या ‘महाकवी’पासून आपण पाचवे, असेही तो सांगतो.

वंशशोधनाच्या दृष्टीने ही नोंद किती बोलकी आहे पाहा. वडील आणि आजोबा यांची नावे कवीने स्वतः दिली, ती त्याच्या प्रत्यक्ष ज्ञानातील. पाचव्या पूर्वजाचा ‘महाकवी’ हा शब्द नाव म्हणून घ्यावा की पदवी म्हणून, याचा विचार अभ्यासकांस करावा लागतो. आपल्या घरांतही ‘पाटील’, ‘नाना’, ‘भट’ हे शब्द असेच नावाच्या जागी येऊन बसतात. पद्मपुराबरोबर विदर्भाचा उल्लेख काही हस्तलिखितांत आढळतो, काहींत आढळत नाही. नकलाकारांच्या हातून पाठ कसे बदलतात त्याचा हा नमुना. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पाचव्या पूर्वजाच्या आणि आजोबांच्या मधले नाव तेथे नाही. ती जागा मोकळी आहे. बाराशेहून अधिक वर्षे होऊन गेली, तरी त्या मोकळ्या जागेने कवीचे कुळ उणे झालेले नाही.

शोधाचा शेवट

आता त्या दोन भावांकडे वळू. जमिनीच्या अधिकार अभिलेखात आजोबांच्या नावापुढे ‘वल्द’ म्हणून धाकट्यांनी सांगितलेलेच नाव होते. धाकटे विजयी मुद्रेने थोरल्यांकडे पाहू लागले. पण गावच्या शाळेचे १९१२ सालचे रजिस्टर मिळाले, आणि त्यात सात वर्षांच्या आजोबांच्या बापाचे नाव थोरल्यांनी सांगितलेले निघाले. आता दोघेही गोंधळले. दोन्ही कागद सरकारी, दोन्ही जुने, आणि दोन्हींत बाप वेगळा.

उत्तराचा पहिला धागा कोतवालाच्या वहीने दिला. १९१८ च्या साथीत, धाकट्यांनी सांगितलेल्या नावाच्या गृहस्थाचा बारा वर्षांचा मुलगा ‘ताप’ येऊन गेल्याची एक ओळ त्यात होती. घरातील नव्वदीच्या आत्याबाईंना विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, ‘तो तर मोठ्या आजोबांचा एकुलता एक. त्याच्या मागे घर ओस पडले म्हणत.’ हे मोठे आजोबा म्हणजे थोरल्यांनी सांगितलेल्या गृहस्थांचे सख्खे वडील बंधू. येथवर अनुमान झाले होते, प्रमाण नव्हते. ते प्रयागच्या बहीत मिळाले. आजोबांनी अस्थिविसर्जनाच्या वेळी स्वतःच्या हाताने लिहिलेल्या ओळीत जन्मदात्याचेही नाव होते आणि ज्यांच्या अस्थी आणल्या त्यांचेही. आणि स्वतःस त्यांनी ‘दत्तक पुत्र’ म्हटले होते. घरच्या एका जुन्या विक्रीपत्रावरील आजोबांच्या सहीशी ती सही ताडून पाहिली. जुळली.

पुत्रशोकाने खचलेल्या वडील भावास धाकट्या भावाने आपला मुलगा दत्तक दिला होता. शाळेचे रजिस्टर दत्तविधानापूर्वीचे, म्हणून त्यात जन्मदाता. जमिनीचा कागद हक्काचा, म्हणून त्यात दत्तक पिता. थोरल्यांना वडिलांनी शिकवलेले नाव रक्ताचे, धाकट्यांनी वाचलेले नाव धर्माचे. कोणताही कागद खोटे बोलला नव्हता. प्रत्येकाने फक्त त्याला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर दिले होते. दोष होता तो एकाच कागदाकडून साऱ्या प्रश्नांची उत्तरे मागण्याचा.

गुरुजींनी निर्णय दिला. दत्तविधानाने वंश दत्तक पित्याचा चालतो, म्हणून संकल्पातील तिसरे नाव त्यांचे. दत्तविधान एकाच कुळातील असल्याने गोत्र तेच. आणि महालयात काका, मामा, आत्या, गुरू, आप्त अशा सर्वांचा उच्चार होतो. त्यात जन्मदात्या पणजोबांचे नाव घ्यावे. दोन्ही पितरांस स्थान मिळाले. ते ऐकून थोरल्यांनी धाकट्याच्या खांद्यावर हात ठेवला. ‘त्या दोघा भावांनी एकमेकांसाठी एवढे केले, आणि आपण त्यांच्याच नावावरून भांडलो!’ एवढेच ते बोलले.

नाव सापडलेच नाही तर?

प्रत्येक घराचा शोध असा सफळ होईलच असे नाही. कागद वाळवीने खाल्लेले असतात, वृद्ध निघून गेलेले असतात. अशा वेळी काही कुटुंबे आधार नसलेले एखादे नाव ऐकून किंवा कल्पून रिकामी जागा भरतात. आमच्या मते ही चूक कागद हरवण्यापेक्षा मोठी आहे. आज अंदाजाने लिहिलेले नाव पुढील पिढी प्रमाण म्हणून वाचील, आणि खरे नाव शोधण्याची वाट कायमची बंद होईल.

शास्त्रकार आपल्यापेक्षा अधिक करुण आणि अधिक सत्यनिष्ठ होते. नाव ठाऊक नसल्यास पित्यासाठी ‘पृथिवीषत्’, पितामहासाठी ‘अंतरिक्षसत्’ आणि प्रपितामहासाठी ‘दिविषत्’ हा शब्द उच्चारण्याची सोय त्यांनी करून ठेवली. गोत्र ठाऊक नसल्यास काश्यप गोत्र सांगितले. तिथी ठाऊक नसल्यास सर्वपित्री अमावास्या दिली. जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही असे म्हणूनही श्रद्धेने अर्पण करता येते, हा त्यातील अर्थ. खोट्या नावाची गरज धर्मासच वाटली नाही. मग आपणास का वाटावी?

म्हणून या पितृपक्षात एक वही घ्यावी. एका पानावर ठाऊक असलेली नावे लिहावीत आणि प्रत्येक नावापुढे ते कोठून कळले तेही लिहावे: बाबांनी सांगितले, शाळेच्या रजिस्टरात पाहिले, बहीत वाचले. मूळ कागद पाहिला की नक्कल, तेही नमूद करावे. दोन कागदांत विरोध असेल तर दोन्ही लिहावे. एक खोडून दुसरे ठेवू नये. आणि जेथे काहीच ठाऊक नाही तेथे ओळ मोकळी सोडावी. कोण जाणे, उद्या एखाद्या नातवाच्या हाती ती ओळ भरणारा कागद लागेल.

त्या दोन भावांच्या घरी अशी वही आता देवघरात ठेवलेली आहे. यंदाच्या श्राद्धास थोरले पाटावर बसतील आणि संकल्पाच्या वेळी धाकटे ती वही उघडून शेजारी धरतील. तिसरे नाव दोघांच्या मुखातून एकच निघेल. पितरांची तृप्ती याहून वेगळी ती काय असणार?